पाठीचा साचा

मस्कतमधल्या वादी कबीरच्या गॅरेजांच्या गल्लीत हुसैनमियाँ परकारचं दुकान शोधायला पत्ता लागत नाही. दारात कुठल्या ना कुठल्या गाडीच्या सीटा मांडलेल्या असतात आणि त्यांच्यावर गल्लीतली रिकामटेकडी मंडळी ऐसपैस चहा पीत बसलेली असतात. एक सीट तयार होऊन गेली की मंडळी उठून दुसऱ्या गाडीच्या सीटवर सरकतात. हुसैनमियाँ कुणाला हाकलत नाही. माणूस बसला की सीट कुठे दबते ते कळतं, असं तो सांगतो. खरं कारण असं की त्याला माणसांची सोबत लागते आणि बोलायचा मात्र मनस्वी आळस.

त्याचं गाव दाभोळच्या खाडीकाठी. तरणाताठा असताना मामेभावाच्या ओळखीने मस्कतला आला. कापडाच्या दुकानात काम मिळायचं होतं, मिळालं ते गाड्यांच्या सीटा शिवायचं. मशीनवर बसला तो बसलाच. मत्रहला सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागे दोन खोल्यांचा संसार, वादी कबीरला दुकान, आणि दुकानाचा परवाना हसन नावाच्या ओमानी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, नावावर. एवढ्यावर त्याचं सगळं आयुष्य बेतलेलं होतं, आणि त्याची कधी तक्रार नव्हती. तक्रार असलीच तर पाठीची. इतकी वर्षं मशीनवर वाकून मानेखाली चांगला उंचवटा आला होता. रोज संध्याकाळी त्याची बायको हवाबी तिथे बाम चोळायची, आणि चोळता चोळता दिवसभराची गाऱ्हाणी ऐकवायची. पालथा पडलेला नवरा पळून जाणार कुठे? हवाबीने ही सोय अचूक हेरली होती.

मुलं दोन. अफशा लग्न होऊन रत्नागिरीला गेली. धाकटा अरमान मस्कतलाच जन्मला, इथल्याच इंडियन स्कूलमध्ये शिकला आणि शिकून पुन्हा गॅरेजच्याच गल्लीत आला. त्याला गाड्यांचं वेड होतं. सुट्टीच्या दिवशी तो छोट्या कार्ट गाड्या पळवायला जायचा. तिथे त्याला हसनने पाहिलं आणि पोराचा हात बघून तो चाटच पडला. हसन स्वतः गाड्यांचा शौकीन, पैसा गाठीला, पोट सुटलेलं. त्याने राष्ट्रीय स्पोर्ट्स कार शर्यतींच्या हंगामासाठी एक गाडी घेतली. या शर्यतीत एका गाडीला दोन चालक असतात. अर्धी शर्यत एकाने मारायची, मग गाडी आत घ्यायची, पहिला उतरतो, दुसरा चढतो. पहिला चालक अर्बाब स्वतः. दुसरा अरमान.

हुसैनमियाँला शर्यतीतलं फारसं कळत नव्हतं. त्याला कळत होती ती सीट. गाडीतली सीट हसनच्या देहाच्या बेताने बसवलेली. अरमानसारखा शिडशिडीत मुलगा त्यात बसला की नुसता हिंदकळायचा, आणि त्या वेगात हिंदकळणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यावर उपाय असतो. चालकाच्या अंगाच्या मापाची फोमची गादी करायची. चढताना त्याने ती बरोबर आणायची, सीटमध्ये टाकायची आणि वर बसायचं. ही गादी शिवत नाहीत, ओततात. दोन औषधं, म्हणजे रसायनं, कालवून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, पिशवी सीटमध्ये ठेवायची आणि चालकाने शर्यतीचा पोशाख घालून, स्टिअरिंग धरून तिच्यावर बसायचं. फोम फुगतो, तापतो, अंगाच्या प्रत्येक खळग्यात शिरतो आणि बघता बघता कडक होतो. तेवढा वेळ श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. हललं की गादीत लाट उठते, आणि ती लाट पुढे कायमची टोचते.

अरमानची गादी ओतली त्या दिवशी हवाबी रत्नागिरीला होती. अफशाचं बाळंतपण अवघड होतं, डॉक्टरने तिला बिछान्यातून उठायला मनाई केली होती. तेव्हा गादी कशी होते ते हवाबीने फोनवर बघितलं. कुणीतरी तिला दाखवत होतं आणि ती तिकडून सूचना देत होती, जणू फिरनीच शिजत होती.

"अब्बा, कुणीतरी पाठीवर गरम हात ठेवलाय असं वाटतंय," अरमान हसत म्हणाला.

"हलू नको."

"हलत नाही. गुदगुल्या होतात."

"अरे हलू नको म्हनतो ना."

फोनमधून हवाबी म्हणाली, "त्याला बसू द्या नीट. आनि अरमान, गाडी हळू चालव हां." यावर दुकानातली सगळी मंडळी हसली. शर्यतीला निघालेल्या पोराला गाडी हळू चालव म्हणणारी आई मस्कतमध्ये तेवढी एकच असेल.

गादी निघाली ती अशी बेतशीर, की हुसैनमियाँने तिच्यावर पुन्हा पुन्हा हात फिरवला. लांब सरळ पाठ, रुंदीला जराशीच. हवाबी नेहमी म्हणायची, पोरगा मागनं बघितला की वाटतं तुमीच, लग्नातले. हुसैनमियाँने तेव्हा पहिल्यांदा ते डोळ्यांनी पाहिलं. त्याने गादीला काळं, आगीत न पेटणारं कापड चढवलं आणि आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या दोऱ्याने एक टाका जास्तीचा घातला. तेवढं फक्त हवाबीला फोनवर सांगितलं.

उन्हाळा उतरला की इथे शर्यतीचा हंगाम सुरू होतो. नोव्हेंबर ते मार्च, पाच फेऱ्या. पहिल्या फेरीत हसन-अरमानची गाडी दुसरी आली, डिसेंबरच्या फेरीत पहिली. अरमान हंगामाचा कप कुठे ठेवायचा ते ठरवून बसला. फ्रिजवर. म्हणजे मां येताजाता पुसत बसेल, आणि पुसताना तरी बघेल. हवाबीला त्याने फोनवर तसं सांगितलंही. ती म्हणाली, फ्रिजवर माझे बरणीडबे असतात, तुझा कप तू तुझ्या खाटेखाली ठेव.

आणि जानेवारीत अरमान गेला. शर्यतीत नाही. दुकानाच्या कामासाठी पिकअप घेऊन आदम नावाच्या गावाकडे गेला होता, संध्याकाळी परतताना अंधुक उजेडात रस्त्यावर उंट आडवा आला. गाडीचा वेग काही फार नव्हता, असं पोलिसांनी हुसैनमियाँला सांगितलं. आईने सांगितल्याप्रमाणे तो हळूच चालवत होता. या गोष्टीचा हुसैनमियाँला इतका राग आला की राग धरायचा कुणावर ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. मयत ताटकळत ठेवायची त्यांच्यात रीत नाही. हवाबीला निघता आलं नाही. त्याच रात्री अफशाला इस्पितळात न्यावं लागलं होतं आणि बाळ दिवसांच्या आधीच झालं होतं. एक पोर मातीत आणि एक पोर दवाखान्यात, यांच्यामध्ये हवाबी रत्नागिरीच्या एका बाकड्यावर बसून राहिली. तिने आरडाओरडा केला नाही. आठवड्याने तिने फोन केला आणि हलक्या आवाजात म्हणाली:

"त्याचं तोंड मना दिसलं नाय. तिकडं आल्यावर कबर पन दिसायची नाय, बायामानसांनी कबरस्तानात जायचं नसतं. ती गादी हाय ना? तिच्यात त्याची पाठ हाय. ती ठेवा. मी येऊन हात फिरवीन."

"ठेवतो," हुसैनमियाँ म्हणाला.

"जशी हाय तशी."

"जशी हाय तशी ठेवतो."

चाळिसावा दिवस उरकायच्या आतच हसन दुकानात आला. मंडळी उठून बाहेर गेली. हसन सीटवर न बसता उभाच राहिला. "हुसैन, तुम बोलो तो सीझन बंद. खलास. मेरे को कुछ नहीं चाहिए."

हुसैनमियाँने मशीनवरचं कापड उगाचच सरळ केलं. "नहीं अर्बाब. लड़के को कप मँगता था."

"कप मिलेगा तो उसके नाम पे. वल्ला."

तर हंगाम पुढे चालू राहिला, आणि अरमानच्या जागी निशांत आला. निशांत मस्कतच्याच मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या एका पुणेकर घरातला मुलगा, अरमानबरोबर कार्ट पळवून पळवून त्याचा जिगरी झालेला. वडील राजीव नोकरीत, आई विद्या घरी, आणि हा मराठी बोलताना प्रत्येक वाक्यात एकदा तरी अडखळणारा. अंगाने अरमानपेक्षा उंच आणि चांगला रुंद, तरी हसनच्या मापापासून कोसभर लांब. गादीशिवाय त्याला भागण्यासारखं नव्हतं. नव्या गादीचं सामान परदेशातून मागवलं होतं, ते बंदरात अडकून पडलं. शेवटी हुसैनमियाँने स्वतःच फडक्यात गुंडाळलेली अरमानची गादी काढून त्याच्यापुढे धरली.

"सामान येईपर्यंत ही वापर. पन ही अशीच रहायला पायजे. हिला हात लावायचा नाय."

"काका, मी... मी खूप केअरफुल राहीन," निशांत म्हणाला. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि गाडीपर्यंत तशीच नेली.

तिसऱ्या फेरीत गाडी चौथी आली. लोक म्हणाले, पोरगा नवा आहे. चौथ्या फेरीत पाचवी. लोक म्हणाले, पोरगा घाबरतो. शर्यत संपल्यावर निशांत गाडीतून उतरायला वेळ लावायचा आणि उतरला की आधी गादी काढून हुसैनमियाँच्या हातात द्यायचा, मग हेल्मेट काढायचा. चौथ्या फेरीनंतर विद्या डबा घेऊन आली. हरल्याचं दुःख मुलाला होऊ नये म्हणून तिने हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. निशांतही हसला. पण थाप बसली तेव्हा त्याचे डोळे गच्च मिटले होते, आणि विद्याच्या ते लक्षात आलं नाही. हुसैनमियाँच्या आलं. आयुष्यभर माणूस बसल्यावर कुठे दबतो तेच त्याने पाहिलं होतं.

तो निशांतच्या मागोमाग गाड्यांच्या मागच्या बाजूला गेला. "शर्ट काढ."

"काका, मी ओके आहे."

"काढ म्हनतो."

दोन्ही बरगड्यांवर, काखेखालून कमरेपर्यंत, गादीच्या कडा उमटल्या होत्या. एका बाजूला निळं पडून त्याचं काळं होऊ लागलं होतं. अरमानच्या पाठीच्या दोन्ही कडा तिथे सरळ उभ्या होत्या.

"बोललास का नाय?"

निशांतने शर्ट छातीशी धरला. "तुम्ही बोललात ना, हात नाही लावायचा. अरमानची आहे ती. थोडी टाइट होते, दॅट्स ऑल. एकच रेस राहिलीय."

गादी घेऊन हुसैनमियाँ दुकानात गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली बंद झाली तेव्हा त्याने शटर आतून ओढलं. सामान अजून बंदरातच होतं. त्याने गादीचं कापड उसवलं. जास्तीचा पांढरा टाका आला, तो कापताना त्याचा हात थांबला. त्याला हवाबीचं बोलणं आठवलं, आणि निशांतच्या बरगड्या आठवल्या, आणि तो स्टुलावर बसून कितीतरी वेळ नुसता पातं धरून होता. त्याला वाटलं, आपण जित्या पोराला मेलेल्या पोराच्या मापात कोंबतोय. असं अरमानला कधीच चाललं नसतं. त्याने दिलेला बूट मित्राला लागला असता तर त्याने आधी बूट फाडला असता.

मग त्याने कापायला घेतलं. आधी डावी कड, मग उजवी, मग खांद्यांचे खळगे रुंद केले, कण्याची सरळ पन्हळ खोल केली. निशांतला बोलावून तीनचारदा बसवलं, उठवलं, पुन्हा तासलं. पिवळट भुसा त्याच्या चपलांवर साचला. शेवटी निशांत बसला, त्याने लांब श्वास घेतला आणि तो श्वास पुरा आत गेला. "आता कसं?" हुसैनमियाँने विचारलं. "आता नाही टोचत," निशांत म्हणाला आणि काय झालंय ते कळून तो रडायला लागला. हुसैनमियाँने त्याला रडू दिलं. भुसा त्याने स्वतःच झाडला.

शेवटची फेरी निशांतने अशी मारली की त्याला घाबरट म्हणणारे तारेच्या कुंपणाला लोंबकळून ओरडत होते. गाडी पहिली आली आणि सगळ्या हंगामाचा कप हसनच्या संघाला मिळाला. कर्ण्यावरून अरमानचं नाव आधी घेतलं, निशांतचं नंतर. हसनने स्टेजवरून हुसैनमियाँला हाक मारली आणि कप त्याच्या हातात दिला. कप जड होता. फोटोत हुसैनमियाँ कपाकडे बघत नाही. तो खाली, गाडीच्या उघड्या दाराकडे बघतोय. निशांत गादी परत करायला आला तेव्हा त्याने ती घेतली नाही. आता ती तुझीच, म्हणाला.

संध्याकाळी हवाबीचा फोन आला. अफशाचं बाळ बाळसं धरू लागलं होतं आणि हवाबीचं पुढच्या आठवड्याचं तिकीट काढलं होतं. कपाची बातमी तिला जावयाने आधीच सांगितली होती, पण त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

"गादी हाय ना?"

त्या क्षणी खरं सांगून टाकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण बायको महिन्यांमागून महिने एका आशेवर दिवस काढतेय आणि आपण फोनवर तिची ती आशाही काढून घ्यायची, एवढी छाती हुसैनमियाँला झाली नाही.

"हाय," तो म्हणाला.

दोनच दिवसांत बंदरातलं सामान सुटून दुकानात आलं. कुणालाच नको असताना आलं. हुसैनमियाँने ते डबे बघितले आणि त्याच्या मनात जे आलं ते येऊ नये असं त्याला वाटलं, पण आलं. मागनं बघितला की तुमीच, लग्नातले. हवाबीचेच शब्द. दुपारी त्याने पुन्हा शटर ओढलं. हसनच्या गाडीची सीट दुरुस्तीला दुकानातच होती. त्याने अरमानचा शर्यतीचा पोशाख काढला आणि कसाबसा अंगात चढवला. पोटावर चेन लागेना, ती तशीच सोडली. औषधं कालवली, पिशवीत ओतली आणि स्वतः जाऊन बसला. पाठ ताठ केली. मानेखालचा उंचवटा मागे दाबला, खांदे पाडले, तरणा असताना बसत असेल तसा बसला. कमरेतून कळ निघाली. आपणच आपल्याला म्हणाला, हलू नको.

फोम फुगू लागला. आधी कमरेला लागला, मग वर चढला. मग तो तापला, आणि हुसैनमियाँच्या पाठीवर कुणीतरी गरम हात ठेवल्यासारखं झालं. तेव्हा त्याला पोराचं ते हसू ऐकू आलं. दफनाच्या दिवशी तो रडला नव्हता, स्टेजवर रडला नव्हता. तिथे, अर्ध्या चेनीच्या पोशाखात, बंद शटरच्या आत, तो हमसून हमसून रडला. थांबायचा प्रयत्न केला, थांबता आलं नाही. थांबला तोवर फोम कडक झाला होता.

गिऱ्हाइकाची असती तर ती गादी त्याने फेकून दिली असती. त्याने तिला काळं कापड चढवलं, आत पांढरा टाका जास्तीचा घातला आणि घरी नेऊन अरमानच्या खाटेवर ठेवली.

हवाबी आली. घरात शिरल्यावर तिला फ्रिजवरचा कप दिसला. बरणीडबे बाजूला सारून हुसैनमियाँने त्याला जागा केली होती. तिने पदराने कप पुसला आणि आतल्या खोलीत गेली. खाटेवर बसून गादी मांडीवर घेतली. टाका शोधला, तो सापडला, तेव्हा तिच्या तोंडावर इतका आनंद दिसला की हुसैनमियाँने दाराची चौकट धरली. मग तिने डोळे मिटले आणि तळवा कमरेपासून वर नेऊ लागली. हळूहळू, पोराला निजवताना फिरवावा तसा. मानेखाली आल्यावर हात थांबला. तिथे एक खळगा होता. तिने बोटं त्यात घातली, गोल फिरवली, अंगठ्याने दाबलं. तिथे ती जन्मभर बाम चोळत आली होती.

"ही तुमची पाठ हाय," हवाबी म्हणाली.

हुसैनमियाँ जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. निशांतच्या बरगड्या, विद्याची थाप, पातं, भुसा. हवाबीने मध्ये एकदाच विचारलं.

"त्या पोराचं दुखायचं राहिलं?"

"राहिलं."

अरमान गेल्याचं हवाबीला आत्ता, या मिनिटाला कळत होतं. इतके दिवस ती एका पाठीच्या भरवशावर होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. हुसैनमियाँला वाटलं, आता ती गादी बाजूला टाकेल. तिने टाकली नाही. तिचा हात पुन्हा फिरू लागला होता, खळग्याच्या खाली, कण्याच्या बाजूने, आणि मध्यावर येऊन पुन्हा अडला. कापडाखाली फोम तिथे एकसारखा नव्हता. बारीक बारीक लाटा होत्या, एकीमागे एक.

"हितं हललाव तुमी," ती म्हणाली.

सगळ्या गल्लीला हलू नको म्हणून दटावणाऱ्या माणसाने मान खाली घातली.

"एकटेच बसलावता?"

"हो."

हवाबीने गादी छातीशी घेतली आणि त्या लाटांवर तळवा पसरून ठेवला. मग दुसरा हात खाली करून जमिनीवर बसलेल्या नवऱ्याच्या मानेखाली, त्या उंचवट्यावर ठेवला. बाहेर सूकमध्ये दुपार कलतानाची असरची बांग झाली तरी तिने दोन्हीकडचा हात काढला नाही.